क्लासच्या गाडीत जमतं मग टेस्टला का अडतं? कारच्या ड्रायव्हिंग टेस्टची तयारी

ज्यांचं लर्निंग लायसन झालंय, क्लास चालू आहे किंवा नुकताच संपलाय आणि आता आरटीओच्या टेस्टचं टेन्शन आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. घरातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांना शेजारच्या सीटवर बसून गाडी शिकवलीय, त्यातून जे कळलं ते आणि नियमात जे आहे ते, दोन्ही इथं आहे. मी पुण्याकडची, त्यामुळं उदाहरणं इकडचीच येतील पण नियम सगळीकडं सारखेच आहेत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखाली पण क्लच आणि ब्रेक असतो. ड्युअल कंट्रोल म्हणतात त्याला आणि क्लासच्या गाडीला तो असलाच पाहिजे असा नियम आहे, सेफ्टीसाठी चांगलाच आहे. पण होतं काय, सिग्नलला गाडी बंद पडणार असं वाटलं की सर गुपचूप क्लच दाबतात, वळणावर स्पीड जास्त झाला की हळूच ब्रेक लावतात आणि तुम्हाला वाटतं अरे वा जमलं की. तुम्ही स्टेअरिंग शिकलेले असता, क्लच मात्र सरच चालवत असतात. टेस्टला शेजारी सर नसतात आणि तिथं तिसऱ्या मिनिटाला गाडी गचके खाऊन बंद पडते. म्हणून आठ-दहा दिवस क्लास झाला की सरांना स्पष्ट सांगा, सर आज तुम्ही पेडलला पाय लावू नका, बंद पडली तर पडू दे. चांगले सर लगेच ऐकतात, आणि जे नाही म्हणतात त्यांना का नाही ते विचारा.

क्लास किती दिवसांचा ते पण बघून घ्या. मोटार वाहन नियमांत प्रायव्हेट गाडीच्या ट्रेनिंगसाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास असं लिहिलंय. आता रोज अर्धा तास क्लास, त्यात पाच मिनिटं आधीच्या पोराला घरी सोडण्यात, पाच मिनिटं पुढच्याला घेण्यात, म्हणजे हातात स्टेअरिंग किती वेळ येतं याचा हिशोब तुम्हीच करा. फी भरायच्या आधी विचारा की एका बॅचला गाडीत किती जण असणार, आणि माझे तास किती.

आधी कागदपत्रांचं पटकन सांगते कारण त्यात फार काही नाही. लर्निंगसाठी परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, आधार लिंक असेल तर महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या परीक्षा देता येते. पंधरा प्रश्न असतात, नऊ बरोबर आले की पास, मराठीत देता येते. कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवावा लागतो त्यामुळं उजेड समोरून येईल असं बसा, पाठीमागं खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो आणि परत परत करावं लागतं. वय चाळीसच्या पुढं असेल तर डॉक्टरांचं फॉर्म १ए सर्टिफिकेट लागतं. लर्निंग सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसनची टेस्ट लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावरच देता येते. मोठ्या शहरात स्लॉट भरलेले असतात, त्यामुळं पाच महिने वाट बघून मग स्लॉट शोधायला बसलात तर लर्निंग संपून जाईल. महिना झाला की पोर्टल बघायला लागा आणि साधारण दोन-अडीच महिन्यांनंतरची तारीख घ्या, तेवढ्यात प्रॅक्टिस पण नीट होते. फी केंद्राच्या नियमात लर्निंगला एका प्रकारच्या गाडीसाठी १५० रुपये, टेस्टला ३०० आणि लायसनला २०० आहे, वर कार्ड वगैरेचे थोडे येतात. एजंटनं सांगितलेला आकडा या आकड्यांशेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल पैसे कशाचे चाललेत.

आणि एक कळकळीची विनंती, ती घरबसल्याची परीक्षा दुसऱ्याला द्यायला लावू नका. सायबर कॅफेवाला म्हणतो द्या इकडं पाच मिनिटांत करून देतो. अहो त्या पंधरा प्रश्नांतच असतं की गोल लाल कडेची पाटी म्हणजे पाळायलाच हवा असा नियम, त्रिकोणी म्हणजे पुढं धोका, अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, अँब्युलन्स आली की बाजूला घ्यायची. हे पुढं वरंधा नाहीतर आंबोली घाटात गेल्यावर उपयोगी पडणार आहे, सायबरवाला तिथं येणार नाही.

हाफ क्लच, यावरच सगळं आहे

मोकळं मैदान किंवा एकदम रिकामा रस्ता शोधा. आमच्याकडं भोसरी एमआयडीसीतले आतले रस्ते गुरुवारी सुट्टीच्या दिवशी रिकामे असतात, तुमच्या गावात मार्केट यार्डाचा बंद दिवस, शाळेचं ग्राउंड (परवानगी काढून), नवीन प्लॉटिंगचे रस्ते, काहीतरी सापडतंच. सकाळी सहा ते आठ ही वेळ चांगली. गाडीला पुढं मागं एल लावा, पांढऱ्या पाटीवर लाल एल, पाटी कमीत कमी १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर १० सेंटीमीटर उंच. वहीच्या कागदावर पेनानं काढलेला एल चालत नाही. आणि शेजारच्या सीटवर पक्कं लायसन असलेला माणूस पाहिजेच, मागच्या सीटवर नाही, शेजारी, म्हणजे वेळ आली तर त्याला गाडी थांबवता येईल. घरच्या गाडीत शेजाऱ्याकडं ब्रेक नसतो, हँडब्रेक तेवढा मध्ये असतो, त्यामुळं सुरुवातीचे दिवस त्याचा हात हँडब्रेकजवळ असू दे.

आता पहिल्या दिवशी एक्सलेटरला पायच लावायचा नाही. गाडी चालू करा, क्लच पूर्ण दाबा, पहिला गियर टाका, हँडब्रेक काढा, ब्रेकवरचा पाय काढा आणि डाव्या पायाची टाच जमिनीला टेकवून क्लच इतका हळू सोडा की बाहेरून कोणाला पाय हलतोय ते कळू नये. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जरा जड होतो, स्टेअरिंगला बारीक थरथर येते, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. तिथंच पाय धरून ठेवा. गाडी आपोआप मुंगीसारखी पुढं निघेल. हाच हाफ क्लच. दहा फूट गेलात की परत क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. परत करा. परत करा. अर्धा तास फक्त हेच, कंटाळा येईल, येऊ दे. प्रत्येक गाडीचा पॉइंट वेगळा असतो, क्लासच्या जुन्या गाडीत क्लच बराच वर आल्यावर धरतो आणि घरच्या नव्या गाडीत खालीच धरतो, त्यामुळं ज्या गाडीवर टेस्ट देणार त्याच गाडीवर शेवटचे आठ-दहा दिवस प्रॅक्टिस झाली पाहिजे. क्लासची गाडी टेस्टला नेणार असाल तर सरांकडून आधीचे दोन-तीन दिवस तीच गाडी मागून घ्या.

हे पुढं जाताना जमलं की तेच रिव्हर्समध्ये. टेस्ट ट्रॅकवरचं बरंचसं काम या एका पायावर चालतं, कारण गाडी हळू असली की डोक्याला विचार करायला वेळ मिळतो. जे नापास होतात त्यातले बरेच जण स्टेअरिंग चुकवतात असं दिसतं पण मूळ कारण असतं की गाडी जास्त जोरात आली आणि स्टेअरिंग फिरवायला वेळच उरला नाही.

आठ, एच आणि चढ

ट्रॅक प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा असतो. पुण्याची कारची टेस्ट भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआरच्या (ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे ती) ट्रॅकवर होते, छोट्या आरटीओत मैदानात खांब किंवा कोन लावून घेतात, काही ठिकाणी इन्स्पेक्टर साहेब शेजारी बसून रस्त्यावर एक चक्कर मारायला लावतात. म्हणून टेस्टच्या आधी एक दिवस तिथं जाऊन बाहेरून नुसतं बघून या, कुठून आत जायचं, कुठं थांबवतात, कोण काय चुकतंय. अर्धी भीती तिथंच जाते.

आठ आकड्यात लक्षात ठेवायचं ते हे की मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, ते आतून कापत येतं. त्यामुळं डावीकडं वळताना डाव्या कडेला चिकटून गेलात तर पुढचं चाक सुटेल पण मागचं रेषेवर चढेल. गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला जरा जास्त ठेवा. आणि नजर बॉनेटवर नको, पुढं जिथं जायचंय तिथं ठेवा, हात आपोआप तिकडं फिरतात. आठाच्या मधल्या क्रॉसवर स्टेअरिंग सरळ करून लगेच उलटं फिरवायचं असतं, तिथं घाई झाली तर क्लच दाबून गाडी अजून हळू करा, पण पूर्ण थांबू नका.

एचमध्ये, म्हणजे इंग्रजी एचच्या आकाराच्या ट्रॅकवर, एका दांडीतून पुढं जायचं आणि रिव्हर्स घेत मधल्या आडव्या पट्टीतून दुसऱ्या दांडीत यायचं. रिव्हर्सचा नियम सोपा आहे, गाडीचं बूड ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला स्टेअरिंग फिरवायचं. डोकं गोंधळतं ते यामुळं की तेव्हा गाडीचं तोंड उलट्या बाजूला बाहेर झुलतं, आणि आपण फक्त मागं बघत असतो त्यामुळं पुढचा कोपरा खांबाला लागतो. म्हणून एकदा डावा आरसा, एकदा उजवा, मग पुढचा कोपरा, परत आरसा, असं फिरत राहायचं. दोन्ही आरसे थोडे खाली करून घ्या म्हणजे मागचं चाक आणि जमिनीवरची रेष दिसते (रस्त्यावर निघायच्या आधी परत वर करायचे, विसरू नका). गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग पूर्ण फिरवू नका, सरकत सरकत फिरवा, नाहीतर किती वळली ते कळत नाही. कॅमेरा आणि बीप बीप करणारा सेन्सर असेल तर प्रॅक्टिसला त्याच्यावर रुमाल टाका, आरशावर जमलं पाहिजे.

घरी ट्रॅक बनवायला पाण्याचे रिकामे कॅन घ्या, थोडी वाळू भरा म्हणजे वाऱ्यानं उडत नाहीत, आणि प्रत्येकात एक उंच काठी खोचा, नाहीतर आतून दिसतच नाहीत. छोटी कार चार मीटरच्या आतली असते आणि साधारण पावणेदोन मीटर रुंद. आधी दोन्ही बाजूंना एकेक मीटर मोकळं सोडून कॅन लावा, जमायला लागलं की रोज थोडं थोडं आत सरकवा. पॅरलल पार्किंगला (रस्त्याच्या कडेला दोन गाड्यांच्या मधे गाडी लावणं) गाडीच्या लांबीच्या दीडपट जागा धरा, म्हणजे सहा मीटर. कॅनऐवजी सोसायटीतल्या लोकांच्या स्कूटी लावून प्रॅक्टिस करू नका प्लीज.

चढाचं टेस्टमध्ये सगळ्यांना जास्त टेन्शन असतं आणि खरं तर हाफ क्लच आला असेल तर हे सोपं आहे. नियमातच लिहिलंय की चढावर थांबून परत निघताना गाडी अजिबात मागं जायला नको. चढावर थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा. पहिला गियर, क्लच हळू सोडा, आवाज जड झाला आणि गाडीचं नाक उचललं की पाय तिथंच धरा, थोडी रेस द्या, आणि मगच हँडब्रेक सोडा. क्रम बदलला की गाडी मागं सरकते. हँडब्रेक सोडला आणि गाडी जागेवरच उभी राहिली तर बरोबर आहे, थोडा अजून क्लच सोडा, निघेल. नव्या गाड्यांमध्ये हिल होल्ड असतं, म्हणजे चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारा ब्रेक, ते दोन-तीन सेकंदच धरतं त्यामुळं त्याच्या भरवशावर राहू नका. प्रॅक्टिससाठी आधी सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प नको, तो फार उभा आणि वळणाचा असतो, आधी कुठलातरी लांब साधा चढ घ्या आणि मागं गाड्या नसतील अशी वेळ बघा. कात्रज किंवा खंबाटकी घाट पहिल्या महिन्यात अजिबात नको, तिथं ट्रकच्या मागं अडकलात तर शिकणं होत नाही, नुसती भीती बसते.

शेजारी बसणाऱ्यांसाठी

बाबा, दादा, अहो, जे कोणी शेजारी बसणार त्यांना हे वाचायला द्या. तुम्हाला गाडी उत्तम येते हे मान्य, पण शिकणाऱ्याला एका वेळी एकच सूचना कळते. "अगं ब्रेक, ब्रेक, इंडिकेटर कुठंय, तो रिक्षावाला बघ, आता गियर बदल ना" हे सगळं एका दमात बोललं की तिचे दोन्ही पाय एकदम दाबले जातात. सूचना आधी द्या, पुढच्या चौकात डावीकडं, आता इंडिकेटर, आता दुसरा गियर. चौकात पोचल्यावर "इकडं इकडं" करू नका. आवाज चढवू नका, स्टेअरिंगला हात लावू नका (खरंच ठोकणार असेल तर सोडून), आणि मागच्या सीटवर आत्या, काका, पोरं यांची फौज नको. चाळिशी पन्नाशीत शिकणाऱ्या किती बायका मी बघितल्यात ज्यांना गाडी छान जमत होती आणि शेजारच्या ओरडण्यामुळं त्यांनी किल्ली ठेवून दिली ती दिलीच. फार वाईट वाटतं मला याचं. गाडी बंद पडली आणि मागचा हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे, क्लच दाबा, न्यूट्रल करा, परत चालू करा, परत पहिला गियर. पाच सेकंद लागतात.

रस्त्यावरच्या प्रॅक्टिसला एक दिवस एक काम असं ठेवा. एक दिवस फक्त गियर वर खाली, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत आणि परत दुसऱ्यावर. एक दिवस फक्त डावी वळणं, मग उजवी, मग सर्कल. एक दिवस शाळा सुटायच्या वेळेला गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर. एक दिवस पावसात वायपर आणि काचेवरची वाफ घालवायला एसी कसा लावायचा ते. पेट्रोल पंपावर गाडी योग्य बाजूला लावणं पण एक काम धरा, नवीन लोकांना तिथं घाम फुटतो.

टेस्टच्या दिवशी

लर्निंगची प्रिंट, अपॉइंटमेंटची पावती, आधारची ओरिजिनल प्रत, गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, हे आदल्या रात्री एका फाइलमध्ये. इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख आठवडाभर आधीच बघा, पीयूसी संपलेलं हमखास त्याच दिवशी कळतं. टू-व्हीलरची पण टेस्ट असेल तर हेल्मेट, आणि तिथं आठ काढताना पाय खाली टेकवायचा नाही, मागचा ब्रेक हलका धरून थोडी रेस ठेवायची. चप्पल नको, पातळ तळाचे बूट घाला म्हणजे पेडल कळतं. लवकर पोचा, पाणी प्या, आणि रांगेत कोणी "साहेब फार कडक आहेत आज" सुरू केलं की लांब जाऊन उभे राहा.

गाडीत बसल्यावर आधी सीट, मग आरसे, मग सीट बेल्ट, मग गियर हलवून न्यूट्रल आहे ना ते बघून मग चालू. हा क्रम घरी रोज तोच ठेवला असेल तर त्या दिवशी न आठवता होतो. निघताना इंडिकेटर, आरसा, आणि मान वळवून उजवीकडं एक नजर. आरशात नुसते डोळे फिरवले तर शेजारच्याला दिसत नाही त्यामुळं मान थोडी हलवून बघा, तशीही आरशात न दिसणारी जागा मान वळवल्याशिवाय कळत नाही. हाताच्या खुणा विचारू शकतात, उजवा हात सरळ बाहेर म्हणजे उजवीकडं वळतोय, हात बाहेर काढून तळवा खाली आणि वर-खाली हलवला म्हणजे स्लो करतोय, हात कोपरातून वर उभा म्हणजे थांबतोय. साहेबांनी सांगितलेलं कळलं नाही तर "सर, परत सांगता का" असं विचारा, त्यानं मार्क जात नाहीत, अंदाजानं चुकीच्या लेनमध्ये घुसल्यानं जातात.

नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, फी परत भरावी लागते. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस थांबावं लागतं. नापास झाल्यावर तिथून निघायच्या आधी नेमकं कुठं चुकलं ते विचारून घ्या, आणि पुढचे सात दिवस तेवढंच करा, सगळं पहिल्यापासून नको. आणि बाहेर उभा असलेला जो म्हणतो पैसे द्या टेस्ट न देता करून देतो त्याच्या नादाला लागू नका. लायसन मिळेल हो, पण पाऊस पडत असताना रात्री चढावर मागं गाडी असेल तेव्हा क्लच तुम्हालाच धरायचाय आणि मागं पोरं बसलेली असतील.

मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरमधून कोर्स केला तर आरटीओची टेस्ट माफ होते हा नियम जुलै २०२१ पासून आहे, कारसाठी २९ तासांचा कोर्स असतो, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर. पण कोपऱ्यावरचा प्रत्येक क्लास म्हणजे तसं सेंटर नाही, त्यामुळं कोणी "आमच्याकडं टेस्ट नाही" म्हणालं तर मान्यतेचं सर्टिफिकेट बघायला मागा.

पास झालात की पहिला महिना मागच्या काचेवर एल तसाच राहू दे, लोक जरा अंतर ठेवतात. कार्ड पोस्टानं घरी येतं, लायसनवर जो पत्ता आहे तिथंच, त्यामुळं भाड्याच्या घरात असाल आणि पत्ता गावचा असेल तर गावी कोणीतरी घ्यायला आहे ना ते बघून ठेवा, दार बंद मिळालं तर पाकीट परत जातं आणि मग ओळखपत्र घेऊन शोधत फिरावं लागतं. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये लायसन उतरवून घ्या, ट्रॅफिक पोलिसांना ते दाखवलेलं चालतं.